कवितेचे साल आणि हेमलकसा

यूरोपच्या आणि अमेरिकेच्या काव्येतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते, ती ही की तेथील इतिहासकारांचा सनावळीवर मोठा भरंवसा आहे. १७९८ म्हटले की वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांनी आपापली नावे न घालता प्रसिद्ध केलेले ‘लिरिकल बॅलड्स’ पुढे यावे, १८५५ म्हटले की व्हिटमनने पदरमोड करून छापलेले ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ आठवावे, १८५७ म्हटले की बोदलेरवर पॅरिसच्या न्यायासनापुढे चाललेला खटला आणि त्यात बंदी आलेल्या सहा कविता स्मराव्यात, आणि १९२२ हे साल उच्चारताच एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चे नाव ओठांवर यावे, इतकी ही साले तेथील विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली आहेत. आपल्या अभ्यासकांनीही हीच रीत उचलली आणि १८८५ केशवसुतांच्या नावे, १९४७ मर्ढेकरांच्या ‘काही कविता’च्या नावे, १९७२ नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’च्या नावे, अशी मराठी कवितेची वाटणी करून टाकली. अशी वाटणी सोयीची असते हे कबूल केलेच पाहिजे; तिच्यावाचून अध्यापन चालणार नाही आणि परीक्षाही होणार नाहीत. परंतु कवितेचे साल म्हणजे नेमके कशाचे साल, ते रचनेचे, मुद्रणाचे की श्रवणाचे, हा प्रश्न या सोयीखाली दडपून गेला आहे, आणि तो एकदा स्वच्छपणे मांडून पाहावा एवढ्यासाठी हा आढावा आहे.

हा प्रश्न हेमलकशाच्या संदर्भात विचारण्यास एक सबळ कारण आहे. १९७३ हे साल पाश्चात्त्य कवितेच्या दृष्टीने विलक्षण घडामोडींचे होते. मराठी कवितेत ते दोन मोठ्या उद्रेकांच्या मध्ये येते. आणि त्याच सालच्या २३ डिसेंबरला, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागात, भामरागडच्या अरण्यातील हेमलकसा येथे, बाबा आमटे या मराठी कवीने लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. ज्या माडिया लोकांमध्ये ही स्थापना झाली त्यांची गाणी तर कोणत्याच सनावळीत नव्हती. एकाच वर्षाच्या पोटात काव्याच्या इतक्या भिन्न अवस्था एकत्र आलेल्या दुसरीकडे क्वचितच सापडतील.

प्रथम पश्चिमेकडची हकीकत पाहू. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीमध्ये लष्कराने आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले आणि त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, पाब्लो नेरूदा सांतियागोच्या एका रुग्णालयात मरण पावला. त्याच्या घराची नासधूस झालेली होती, शहरावर सैनिकांचा पहारा होता, आणि तरीही त्याच्या अंत्ययात्रेला माणसे जमत गेली. लष्करी सत्तेविरुद्धचा पहिला उघड निषेध म्हणून ती यात्रा चिलीच्या इतिहासात नोंदली गेली आहे. त्याच महिन्याच्या २८ तारखेला व्हिएन्नामध्ये काव्यवाचनाचा कार्यक्रम आटोपून ऑडन आपल्या हॉटेलात परतला आणि त्याच रात्री निवर्तला. १७ ऑक्टोबरला इंगेबोर्ग बाखमान ही श्रेष्ठ ऑस्ट्रियन कवयित्री रोममध्ये आगीत भाजलेल्या जखमांनी गेली. तिचे वय अवघे ४७ होते. एझ्रा पाउंड आदल्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हेनिसमध्ये गेला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य कवितेची घडण ज्यांनी केली त्यांची पिढी अशी वर्षभरात जवळजवळ मावळली.

जे जिवंत होते त्यांचे कामही या वर्षी थोडे झाले नाही. अमेरिकेत एड्रियन रिच हिचे ‘डायव्हिंग इंटु द रेक’ प्रसिद्ध झाले. रॉबर्ट लोएलने एकाच वर्षी तीन काव्यसंग्रह काढले आणि त्यांतल्या ‘द डॉल्फिन’मध्ये आपल्या पूर्वपत्नीच्या खाजगी पत्रांतील मजकूर फेरफार करून घातला. या कृत्याबद्दल रिचने त्याचा जाहीर निषेध केला. कवीला दुसऱ्याच्या दुःखावर कितपत हक्क सांगता येतो, हा त्या वादातला खरा मुद्दा होता, आणि माझ्या मते रिचची बाजू न्याय्य होती. कवितेची गुणवत्ता कितीही उंच असो, जिवंत माणसाने विश्वासाने लिहिलेल्या पत्रांवर तिचा ताबा चालू नये. पुढच्या वर्षी राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार रिच आणि गिन्सबर्ग यांना विभागून मिळाला तेव्हा रिचने तो एकटीच्या नावाने न घेता, स्पर्धेतील ऑड्रे लॉर्ड आणि अ‍ॅलिस वॉकर यांच्यासह, ज्या स्त्रियांचा आवाज कोणी ऐकला नाही अशा सर्व स्त्रियांच्या वतीने स्वीकारला. इंग्लंडात फिलिप लार्किनने ऑक्सफर्डसाठी विसाव्या शतकातील इंग्रजी पद्याचा संकलनग्रंथ सिद्ध केला आणि त्यात एलियटपेक्षा हार्डीला कितीतरी अधिक जागा देऊन, अर्धशतकाचा रूढ हिशेब आपल्या मताप्रमाणे फिरवून मांडला.

तथापि १९७३ मधल्या या सर्व ग्रंथांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एका मृत कवीचा ग्रंथ. ओसिप मान्देल्श्ताम २७ डिसेंबर १९३८ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या एका छावणीत मेला होता. त्याआधी व्होरोनेझच्या हद्दपारीत त्याने ज्या कविता रचल्या त्या छापणे दूरच, घरात लिहून ठेवणेही जिवावरचे काम होते. म्हणून त्याची पत्नी नाद्येझ्दा हिने त्या तोंडपाठ केल्या, आणि गावोगाव वास्तव्य बदलत, शिक्षिकेची नोकरी करीत, वर्षानुवर्षे त्या मनाशी घोकून जिवंत ठेवल्या. सोव्हिएत देशात ‘कवीचे ग्रंथालय’ या मालेत मान्देल्श्तामच्या कवितांचा संग्रह अखेर निघाला तो १९७३ मध्ये, म्हणजे कवीच्या मृत्यूला ३५ वर्षे लोटल्यावर, आणि तोही काटछाट केलेला. आता या कवितांचे साल कोणते धरावयाचे? रचनेचे धरले तर ते चौथ्या दशकातले, मुद्रणाचे धरले तर १९७३. आणि मधली ३५ वर्षे या कविता एका स्त्रीच्या स्मरणात जगल्या, त्या वर्षांना सनावळीत स्थानच नाही. वास्तविक पाहता कवितेच्या आयुष्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत निष्ठेचा काळ तोच होता.

एकदा या दृष्टीने पाहू लागले की इतर साले धडाधड सरकू लागतात. वर्डस्वर्थचे ‘द प्रिल्यूड’ हे दीर्घकाव्य १८०५ मध्ये एका रूपात पुरे झाले होते, पण ते लोकांपुढे आले १८५० मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर. हॉपकिन्स १८८९ मध्ये गेला. त्याचा संग्रह त्याचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ मध्ये काढला आणि व्हिक्टोरियन काळातला हा कवी पहिल्या महायुद्धानंतरच्या तरुणांचा समकालीन ठरला. एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये निवर्तली, तिच्या कविता १८९० पासून दुसऱ्यांच्या दुरुस्त्यांनिशी छापल्या गेल्या, आणि तिच्या हस्तलिखिताशी इमान राखणारी समग्र आवृत्ती टॉमस जॉन्सन यांनी सिद्ध केली ती १९५५ मध्ये. बोदलेरच्या ज्या सहा कवितांवर १८५७ मध्ये बंदी आली, तिचा हुकूम फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १९४९ मध्ये.

आपल्याकडची स्थिती याहून निराळी नाही, आणि तिच्याकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे माझे मत आहे. केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ मधली. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. आणि त्यांच्या कवितांचा संग्रह हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने बाहेर पडला तो १९१७ मध्ये. मासिकांतून तुरळक छापलेल्या कविता सोडल्या तर केशवसुतांचा समग्र परिचय मराठी वाचकाला झाला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस, आणि तरी आपण अर्वाचीन कवितेचा आरंभ निःशंकपणे १८८५ असा नोंदवतो. बहिणाबाई चौधरींची गोष्ट तर मान्देल्श्तामच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात, जात्यावर, चुलीपुढे ज्या रचना केल्या त्या तिचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्या माणसांनी वेळोवेळी टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. म्हणून बहिणाबाई मर्ढेकरांच्या नंतरच्या ठराव्यात काय? वयाने ती १८८० ची, म्हणजे बालकवींहून दहा वर्षांनी वडील. पण पाठ्यक्रमात तिची जागा स्वातंत्र्योत्तर काळात. ज्यांची मातृभाषा मराठी पण काव्यभाषा हिंदी झाली त्या गजानन माधव मुक्तिबोधांचा पहिला काव्यसंग्रह १९६४ मध्ये निघाला, त्याच साली ते निवर्तले, आणि नागपूरला मराठीत कविता लिहिणारे त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘नवी मळवाट’ मात्र १९४९ मध्येच लोकांच्या हाती पोचली होती. एकाच घरातल्या दोन कवींची साले छापखान्याने अशी पंधरा वर्षांच्या अंतरावर नेऊन ठेवली.

तुकोबांचे उदाहरण यापेक्षाही मोठे आहे. त्यांची गाथा सरकारी साह्याने ‘इंदुप्रकाश’ छापखान्यात दोन खंडांत छापली गेली ती १८६९ ते १८७३ या काळात. तोवर सव्वादोनशे वर्षे ती वारकऱ्यांच्या कंठात, कीर्तनकारांच्या मुखात आणि वहीच्या पोटात होती. १८७३ हे काही तुकोबांच्या कवितेचे साल नव्हे. ते इंग्रजी शिकलेल्या वाचकाला गाथा घरबसल्या मिळू लागल्याचे साल आहे. याच्या नेमके उलट ज्ञानेश्वरीचे. तिने आपले साल, शके १२१२, ग्रंथाच्या शेवटी स्वतःच नोंदवून ठेवले आहे, आणि तीनशे वर्षांनी पाठशुद्धी करताना एकनाथांनीही आपला शक लिहून ठेवला. छापखान्याच्या कितीतरी आधी आपल्या परंपरेला सालाची शिस्त ठाऊक होती, आणि रचनेचा शक व शुद्धीचा शक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ठाऊक होते. ही शिस्त आपण नंतरच्या काळात सैल केली.

आता १९७३ च्या मराठी कवितेकडे वळू. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले आणि अध्यक्षस्थानी ग. दि. माडगूळकर होते. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ ची, तेव्हा संघाच्या पन्नाशीत विदर्भाच्या भूमीवर हे संमेलन झाले हा योग चांगला होता. पण मला त्यातले औचित्य दिसते ते वेगळ्या कारणासाठी. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर आठवड्याआठवड्याने महाराष्ट्राने ऐकले, आणि ज्यांनी आयुष्यात एकही काव्यसंग्रह विकत घेतला नाही अशा लक्षावधी माणसांच्या तोंडी ते रुजले. ही कविता कानांवाटे लोकांत गेली, पुस्तक तिच्यामागून आले. समीक्षकांनी तिला ‘गीत’ म्हणून वेगळ्या खात्यावर टाकले, आणि काव्याच्या इतिहासात १९५५ हे साल त्यामुळे रितेच राहिले. हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन.

यवतमाळच्या संमेलनाच्या आगेमागे मराठी कवितेत जे घडले ते मात्र पुस्तकांतून घडले आणि त्याचा जोर असामान्य होता. १९७२ मध्ये ढसाळांचा ‘गोलपिठा’ विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी महाराष्ट्राने भीषण दुष्काळ पाहिला. त्याच वर्षी वसंत आबाजी डहाके यांचा ‘योगभ्रष्ट’ हा संग्रह निघाला. त्यातली त्याच नावाची दीर्घ कविता ‘सत्यकथे’त १९६६ मध्येच येऊन गेली होती, म्हणजे येथेही साल एकच धरता येत नाही. १९७३ मध्ये वामन निंबाळकरांची ‘गावकुसाबाहेरील कविता’ प्रसिद्ध झाली आणि १९७४ मध्ये दया पवारांचा ‘कोंडवाडा’ व ग्रेस यांचा ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ असे दोन परस्परांपासून सर्वस्वी दूरचे संग्रह हातांत हात घालून आले. ढसाळ आणि पवार मुंबईत लिहीत होते हे खरे, पण निंबाळकर आणि ग्रेस हे नागपूरचे, डहाके विदर्भातले. या तीन वर्षांचा इतिहास लिहिताना मुंबईचा कामाठीपुरा आणि तिथली नियतकालिके यांच्याभोवतीच सारी मांडणी फिरवण्याची जी सवय लागली आहे, तिने विदर्भाचा हिस्सा फार लहान करून टाकला. वस्तुतः गावकुसाबाहेरचा अनुभव आणि ग्रेस यांची दुर्बोध म्हणून हिणवली गेलेली, पण कमालीची संगीतमय प्रतिमासृष्टी हे दोन टोकांचे प्रवाह एकाच नागपुरात, एकाच काळी वाहत होते, ही गोष्ट स्वतंत्र प्रबंधाचा विषय व्हावी अशी आहे.

आणि आता हेमलकसा. बाबा आमट्यांना कवी म्हणताना पुष्कळांचा स्वर आदराचा असतो पण त्यात सवलतीचा भाव डोकावतो; थोर माणसाने लिहिले म्हणून कविता म्हणावयाचे, असा. मला हा भाव मान्य नाही. ‘ज्वाला आणि फुले’ हे पुस्तक १९६४ मध्ये वि. स. खांडेकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले, आणि ते लिहिले गेले यापेक्षा बोलले गेले असे म्हणणे अधिक खरे. बाबा बोलत गेले आणि रमेश गुप्ता उतरवून घेत गेले. त्यातला मुक्तच्छंद कित्येक ठिकाणी वक्तृत्वाकडे झुकतो, एकाच कल्पनेवर तीन-तीन उपमांचा भार पडतो, आणि मर्ढेकरांच्या कसदार मितभाषित्वानंतर तो कानाला सैल लागतो, हे दोष झाकण्यात अर्थ नाही. परंतु हातपाय झडलेल्या माणसाच्या अंगी निर्मितीचे सामर्थ्य असते, हा प्रत्यय त्या पुस्तकाआधी मराठी कवितेत नव्हता. करुणेचा विषय म्हणून महारोगी आपल्या साहित्यात येऊन गेला असेल. श्रमाचा स्वामी म्हणून तो प्रथम आला तो येथे. बाबांनी महारोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनाच्या खडकाळ जमिनीवर विहिरी खणणाऱ्यांच्या सहवासात हा प्रत्यय आला, आणि म्हणून त्या पुस्तकाचे साल ठरवताना १९६४ बरोबर १९४९ हे आनंदवनाच्या स्थापनेचे सालही धरावे लागेल.

२३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात जे सुरू झाले त्याचे वर्णन पुष्कळ ग्रंथांत आलेले आहे आणि येथे त्याचा विस्तार नको. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे तेथे येऊन राहिले, दवाखाना उभा राहिला, १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. ज्याला काव्याच्या इतिहासात रस आहे त्याने एवढेच टिपावे की ज्या वर्षी नेरूदाची अंत्ययात्रा सैनिकांच्या पहाऱ्यातून गेली आणि मान्देल्श्तामची कविता छापील पानावर परतली, त्याच वर्षी मराठीतला एक कवी, वयाच्या साठीला टेकलेला, पाठीच्या असाध्य दुखण्याने बेजार झालेला, नवा संग्रह न काढता पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ रानात उतरला. आणि जेथे तो उतरला तेथे त्याच्या आधीपासून कविता नांदत होती.

या कवितेकडे मराठी वाचकाने जवळून पाहिलेले नाही. माडिया ही द्राविड कुळातली, गोंडीच्या गोतातली बोली. तिला स्वतःची रूढ लिपी नाही आणि तिच्यातले काव्य सारे गेय आहे. सणाच्या रात्री गोटुलाच्या, म्हणजे गावच्या तरुणांच्या सामूहिक घराच्या, पटांगणात किंवा गावाच्या मोकळ्या जागेत स्त्रिया एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून ओळ धरतात, समोर किंवा शेजारी पुरुषांची ओळ आणि ढोल; एक बाई पद उचलते, तिच्या बाजूच्या दोघी-तिघी ते पुरे करतात, मग दुसरी बाजू तेच पद किंचित बदलून परत देते, आणि ‘रेला’चे पालुपद मध्ये येते तेवढ्या अवधीत पहिलीला पुढचे पद जुळवायचे असते. पालुपद हे केवळ तालासाठी आहे असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. खरे पाहता ते रचनेला लागणारी सवड आहे. आधीच्या पिढीकडून आलेली पदे आणि त्या रात्री, त्या गावी, त्या प्रसंगावरून सुचलेली पदे यांचा असा विणलेला मिलाफ होत जातो, आणि सकाळी त्यातले काय जुने आणि काय नवे हे गाणारीलाही वेगळे करून सांगता येणे कठीण. अशा गाण्याला साल लावायचे ते कोठे? त्याला मुहूर्त आहे, पण तो पंडुमाचा, म्हणजे सणाचा. बियाणे पूजण्याचा पंडुम वेगळा, नवे फळ तोंडात घालण्याआधीचा वेगळा, आणि ज्याच्या त्याच्या पंडुमाला ज्याचे त्याचे गाणे. हे साल दरवर्षी परतून येते, म्हणून त्याला आकडा लागत नाही.

या प्रांताजवळच्या गोंडी काव्याची दखल छापील रूपात ज्यांनी प्रथम भरीवपणे घेतली त्यांत व्हेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे हे दोघे आहेत. १९३५ मध्ये त्यांचे ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ निघाले, १९४४ मध्ये मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा ग्रंथ निघाला, आणि १९४७ मध्ये एल्विनचा बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावरचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या वर्षी मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या आणि पुढे अश्लीलतेच्या खटल्याला सामोऱ्या जाऊन निर्दोष ठरल्या, त्याच वर्षी इंद्रावतीच्या पलीकडच्या प्रदेशातील तरुणतरुणींची गाणी इंग्रजीत अवतरली होती. मराठी कवितेच्या इतिहासात १९४७ च्या मथळ्याखाली या दोन ग्रंथांचा उल्लेख एकत्र झालेला माझ्या वाचनात नाही. शामराव हिवाळे हे मराठी माणूस. त्यांचे अर्धे आयुष्य गोंडांत गेले. पण त्यांनी संग्रहिलेली गाणी मराठीत न येता इंग्रजीत गेली, आणि शेजारच्या चंद्रपुरातल्या वाचकाला ती ऑक्सफर्डमार्गे वाचावी लागली. याची खंत मला वाटते. हिवाळ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या काळी असा ग्रंथ स्वीकारणारा मराठी प्रकाशक किती पुढे आला असता, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा.

त्यानंतर आपल्याकडे काही झाले नाही असे नाही. १९५६ मध्ये दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आली. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत ओवी, उखाणे, सणवार यांचे खंडामागून खंड काढले. पण हा बहुतेक सारा संग्रह मराठी बोलणाऱ्या स्त्रियांचा; माडिया त्यात जवळजवळ नाहीच. संमेलने चंद्रपूरलाही झाली: १९७९ मध्ये वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ मध्ये स्वतः डहाके. मधल्या काळात, १९८२ मध्ये, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि हेमलकशाचा दाखला नव्या दप्तरात गेला. याच दशकात आदिवासी कवी मराठीत स्वतःच्या नावाने लिहू लागले. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ आणि विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हे संग्रह १९८७ चे, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० चा. मेश्रामांच्या कवितेत गोंडी शब्द मराठी वाक्यात कोठेही अवघडून न बसता जागा घेतात, आणि माझ्या दृष्टीने ‘गोलपिठा’नंतर मराठी काव्यभाषेचा विस्तार ज्यांनी केला त्यांत त्यांचे नाव फार वर आहे. परंतु हे सारे लिहिणारे कवी आहेत. गोटुलाच्या पटांगणात पद उचलणारी बाई त्यांच्या संग्रहातही ऐकू येते ती दुरून.

या आढाव्याच्या ओघात मी ज्या निर्णयाला येऊन पोचलो तो असा. कवितेच्या इतिहासात एका सालावर काम भागत नाही. निदान तीन तारखा लिहून ठेवल्या पाहिजेत, रचनेची, लोकांपर्यंत पोचल्याची, आणि दोन्हींच्या मध्ये ती कोणी सांभाळली त्याची. व्यापाऱ्याच्या कीर्दीत जमाखर्चाच्या तारखेबरोबर रक्कम कोणाच्या हस्ते आली हेही नोंदलेले असते. काव्येतिहासाच्या कीर्दीत मात्र ‘हस्ते’चा रकाना आपण कोराच सोडत आलो. नाद्येझ्दा मान्देल्श्ताम, सोपानदेव चौधरी, रॉबर्ट ब्रिजेस, हरिभाऊ आपटे, रमेश गुप्ता ही सर्व त्या रकान्यातली नावे. आणि माडिया गीतांच्या बाबतीत तर तोच रकाना मुख्य ठरतो, कारण तेथे पहिली तारीख कधीच सापडणार नाही आणि दुसरी प्रत्येक पंडुमाला नव्याने पडते.

हे काम अशक्य कोटीतले नाही याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आणि हजाराहून अधिक गावे आहेत, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदलेले आहे. कोणत्याही राजधानीच्या ग्रंथालयाला अभिमान वाटावा असा हा संग्रह खेड्यापाड्यांत फिरून, बायकांच्या उंबऱ्यावर बसून झालेला आहे. माडिया गाण्यांसाठी हीच रीत उचलावी लागेल, मात्र दोन गोष्टींची भर घालून. पहिली, गाणे देवनागरीत माडियातच लिहावे आणि मराठी अर्थ त्याच्याखाली वेगळा द्यावा. मराठी पद्यात त्याचे रूपांतर करण्याचा मोह टाळावा, कारण पालुपदाची सवड आणि दोन्ही बाजूंची देवघेव त्यात बुडून जाते. दुसरी, एकाच गाण्याची एकाहून अधिक गावांतली रूपे घ्यावीत आणि त्यांतले कोणतेही ‘मूळ’ ठरवू नये. फरकांसह सर्व ठेवावीत. गायिकेने ध्वनिमुद्रणाला संमती दिली की नाही, आणि गाणे बाहेरच्यांपुढे मांडण्याजोगे आहे की केवळ पूजेपुरते आहे, हेही तिला आणि गावच्या पेरम्याला, म्हणजे पुजाऱ्याला, विचारून लिहिले पाहिजे. लोएलच्या पुस्तकावरून रिचने उपस्थित केलेला हक्काचा प्रश्न येथेही तितकाच लागू आहे.

गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि हेमलकशाच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली, माडिया घरी आणि मराठी शाळेत शिकलेली पिढी आज प्रौढ झाली आहे. या कामाला लागणारे दुभाषे व लेखनिक बाहेरून आणण्याचे कारण नाही. भामरागडच्या एका इलाक्यापासून आरंभ करावा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिकडचा रस्ता तुटतो आणि शेतीच्या दिवसांत कोणाला सवड नसते, तेव्हा पिके घरात आल्यापासून मोह वेचणीपर्यंतचे महिने हाच हंगाम धरावा लागेल. पहिल्या फेरीत सर्वांत वयस्क गायिकांकडे जावे, आणि प्रत्येकीला गाण्याआधी हे विचारावे की ते तिने कोणाकडून घेतले.